हालचालीचा पारखी

हबीबभाईंच्या मुलीचा, सबिहाचा फोन आला तेव्हा मी लासूर स्टेशनला, पुतण्याच्या साखरपुड्यात पंगतीला बसलो होतो. डाव्या हातात फोन, उजवा हात वरणभातात. आजूबाजूला इतका गोंगाट की तिला दोनदा सांगावं लागलं. "चाचा, अब्बा गेले... सकाळी चहा पिले, खुर्चीत टेकले, आन् बस." मी ताटावरून उठलो. हात धुवायला गेलो तर समोर नवरानवरीवर गुलाबाच्या पाकळ्या उधळणं चाललं होतं आणि सात-आठ जण फोन उंच धरून ते टिपत होते. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की या फोनांमध्ये पाकळ्यांचा पार चिखल होणार, हबीबभाईंना सांगायला पाहिजे. मग लक्षात आलं की आता कुणाला सांगणार. नळ चालूच राहिला होता, मागच्या माणसाने तो बंद केला.

हबीबभाई आणि मी मुकुंदवाडीत पस्तीस वर्षं व्हिडिओ शूटिंगचं दुकान चालवलं. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर कॅसेटींची फळी. शहराचं नाव बदललं, जालना रोडचा पार चेहरामोहरा बदलला, आम्ही दोघं मात्र लग्नंच काढत राहिलो. ते माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे. मला ते दिलीप म्हणायचे, मी त्यांना शेवटपर्यंत हबीबभाई. दुपारनंतर दफन होतं. मी लासूरहून थेट कबरस्तानात पोचलो, खांदा दिला, तीन मुठी माती टाकली आणि घरी येऊन कपडे न बदलता बसून राहिलो. दुःख होतं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त थकवा होता. एक गोष्ट मला त्यांना सांगायची होती. सतरा वर्षं सांगायची होती. मी त्यांच्याशी एकदा खोटं बोललो होतो, ते त्यांच्या सगळ्यात मौल्यवान वस्तूबद्दल बोललो होतो, आणि आता ते खोटं माझ्याकडेच कायमचं राहणार होतं.

ते सांगण्याआधी माणूस कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर माझी चूक वाचणाऱ्याला किरकोळ वाटेल. कॅमेरा विकणारे दुकानात येत. लेन्स अशी, रंग असे, झूम एवढा, असं तासभर बोलत. हबीबभाई सगळं ऐकून घेत, चहा पाजत, आणि शेवटी एकच विचारत, "ते सगळं ठीक आहे हो. हाललं की काय होतं?" समोरचा गोंधळायचा. हबीबभाई म्हणायचे, "उभा माणूस तर फोटोवाला पण काढतो. आपली रोटी हालण्यावर आहे." आणि हालण्याची परीक्षा घ्यायला त्यांच्याकडे लग्नाइतकी चांगली जागा नव्हती. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट बाजूला होतो आणि चारी बाजूंनी एकदम अक्षता उडतात, तो एक क्षण. हबीबभाईंना मंगलाष्टकं माझ्यापेक्षा चांगली पाठ होती. गुरुजींना ते आधीच जाऊन सांगून ठेवत, "गुरुजी, शेवटच्याला जरा दम घ्या, मला खाली बसायला टाइम द्या." मग खाली बसून, कॅमेरा वर करून, त्या अक्षता ते पावसासारख्या अंगावर घेत. शर्टाच्या खिशात, कानात, कॅमेऱ्याच्या बटणांत तांदूळ. दुकानात आल्यावर तेवढाच तुकडा दहा वेळा बघायचा. "एकेक दाणा दिसला पाहिजे. कुठनं निघाला, कुठं पडला."

खांद्यावरच्या जड व्हीएचएस कॅमेऱ्यात शालूचा लाल रंग कडेने ओघळायचा, चेहरे दुधात भिजवल्यासारखे दिसायचे, पण अक्षता पडायच्या त्या पडल्यासारख्या पडायच्या. मग हाय-एट आला, चित्र जरा धुतलं गेलं. मग मिनी डीव्ही. काडेपेटीएवढी कॅसेट, आणि दाणा न् दाणा मोजून घ्यावा असं चित्र. तो कॅमेरा आला त्या आठवड्यात हबीबभाई इतके खूश होते की गिऱ्हाइकाशी भांडायचंही विसरले. त्यानंतर मात्र त्यांचं कुठल्याच कॅमेऱ्याशी पटलं नाही. तशाच छोट्या कॅसेटवर मोठं चित्र लिहिणारे कॅमेरे आले, मग कॅसेट जाऊन कार्डं आली. सोफ्यावर बसलेले नवरानवरी त्यांत असे दिसायचे की गिऱ्हाईक म्हणायचं, वा. पण अक्षता उडाल्या की पडद्यावर चौकोन, चौकोनांत चौकोन, आणि नवरीच्या तोंडावर पांढरा लगदा. पहिल्यांदा ते बघून हबीबभाई म्हणाले होते, "अरे, ह्याने तर अक्षतांचा भात केला!" हे कॅमेरे प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाहीत. एक पूर्ण लिहितात, पुढच्या कित्येकांत फक्त काय बदललं तेवढंच लिहून ठेवतात. माणसं बसलेली असतात तोवर त्यांची चैन असते, एकदम हजार तांदूळ उडाले की लिहिणाऱ्याची तारांबळ उडते. हे मी त्यांना पुस्तकात वाचून समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आळशी आहे. सरळ सांग ना."

लग्नाचा हंगाम नसला की परीक्षा मुकुंदवाडीच्या स्टेशनावर व्हायची. जालन्याकडे जाणारी पॅसेंजर आली की हबीबभाई फलाटावर उभं राहून गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचे, आणि मग टीव्हीवर डब्यांच्या खिडक्या मोजता येतात का बघायचे. पण सगळ्यात पक्की परीक्षा त्यांच्या घराच्या गच्चीवर असायची, आणि तिथं परीक्षेला बसायच्या कुलसुमभाभी, त्यांच्या बायको. नवा कॅमेरा आला की स्टँडवर लावायचा, वायर जिन्यातल्या टीव्हीपर्यंत आणायची, आणि भाभींनी बादली घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, चादर झटकायची, तारेवर टाकायची, वळायचं. मी जिन्यात पायरीवर बसून टीव्हीकडे बघत ओरडून सांगायचं. "कडा फाटतायत." "चादरीत चौकोन येतायत." "आता बरंय." भाभी वरून म्हणायच्या, "दिलीपभाई, मेरे कपड्यांना नावं नका ठेवू हां." त्यांना कॅमेऱ्याचा तिटकारा होता. फोटोला उभं केलं की त्यांचं लाकूड व्हायचं. निकाहच्या फोटोत त्या चोरी करताना सापडल्यासारख्या दिसतात, मतदानाच्या कार्डावर तर त्या भाभी आहेत हे मला नाव वाचून कळलं होतं. हबीबभाई म्हणायचे, "ही फोटोत येतच नाय. ही हालली तरच ही आहे."

आणि त्या सगळ्या परीक्षा आम्ही पुसत गेलो. परीक्षेची कॅसेट कुणी ठेवतं का? बघायचं, ठरवायचं, त्याच कॅसेटवर दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी बारसं. वीस वर्षं ती बाई आमच्या प्रत्येक कॅमेऱ्यासमोरून चालली आणि प्रत्येक वेळी तिच्यावरून कुणाची तरी वरात गेली. एक तेवढी राहिली. मिनी डीव्हीच्या त्या खुशीच्या आठवड्यातली. त्या दिवशी परीक्षा झाल्यावर हबीबभाईंना खाली एका गिऱ्हाइकाने बोलावलं, ते गेले आणि कॅमेरा बंद करायचा राहिला. मी जिन्यातच होतो, टीव्ही चालू होता, मलाही वाटलं राहू दे, जरा चादरींवर कसं काम करतोय बघू. वीस-बावीस मिनिटं भाभी एकट्या गच्चीवर होत्या. कपडे वाळत घातले, कबुतरं हाकलली, पदराने तोंड पुसलं, कुणाशी तरी शेजारच्या गच्चीवर बोलल्या. कॅमेरा चालू आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. हबीबभाईंनी ती कॅसेट पाहिली आणि पहिल्यांदाच, परीक्षेची कॅसेट असून, तिच्यावर कागद चिकटवला. काही लिहिलं नाही, नुसता कोरा कागद, म्हणजे हिला हात लावायचा नाही.

काही वर्षांनी भाभी गेल्या. आजार कळला आणि महिन्याभरात सगळं संपलं. सबिहा तेव्हा कॉलेजात होती. हबीबभाई महिनाभर दुकानात आले नाहीत, आले ते ती कॅसेट खिशात घालून आले. "दिलीप, हिला कम्प्युटरमधे घे. डीव्हीडी कर. कॅसेटचा काय भरोसा." माझ्याकडे तेव्हा नवा कम्प्युटर होता आणि नव्या कम्प्युटरवाल्याला असते ती मस्तीही होती. मी कॅसेट लावली, चित्र आत घेतलं आणि एका जागी थांबवून पाहिलं. भाभींचा हात चादर झटकताना वर गेलेला, आणि हाताच्या कडेला कंगव्याचे दात असावेत तशा आडव्या रेघा. मला ते बघवेना.

खरं तर त्या रेघांचा अर्थ मला माहीत होता. त्या काळच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांनी विणलेलं असे. एक सोडून एक ओळी या क्षणाच्या, मधल्या ओळी त्याच्या किंचित पुढच्या क्षणाच्या. टीव्हीवर त्या एकामागून एक येतात, म्हणून हात वाहत वर जातो. कम्प्युटरवर थांबवलं की दोन क्षण एकमेकांना चिकटून दिसतात, म्हणून दात. म्हणजे ते दात हा दोष नव्हताच, ती हालचालच होती. हबीबभाईंचा नियमही होता की हालणाऱ्या गोष्टीचा निकाल हालतानाच लावायचा, टीव्हीवर, थांबवून कधीच नाही. मी थांबवून लावला. मला वाटलं, दुःखात असलेल्या माणसाला स्वच्छ चित्र द्यावं. कम्प्युटरमधे रेघा काढून टाकायच्या पर्यायावर खूण केली, अर्ध्या ओळी टाकून दिल्या, उरलेल्यांवरून जागा भरून घेतल्या. चित्र धुतल्यासारखं झालं. सेकंदाला हालचालीची पन्नास टिपणं होती, पंचवीस राहिली. मग डिस्क भरली होती म्हणून आत घेतलेली मूळ फाइल पुसली. आणि पुढच्या आठवड्यात चिकलठाण्याला हळदीचं काम होतं, कोऱ्या कॅसेटी संपल्या होत्या... काम झालेली कॅसेट पुन्हा वापरायची ही तर आमच्या धंद्याची रीतच. मी कागद नखाने काढला आणि तिच्यावर हळद काढली.

हबीबभाईंनी डीव्हीडी दुकानातल्या टीव्हीवर पाहिली. मी शेजारी उभा होतो, शाबासकीची वाट बघत. पाच मिनिटं ते नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "साफ आहे. लई साफ आहे." पुन्हा पाहिलं. खुर्चीत पुढे सरकले. "चाल गेली रे हिची." मी म्हणालो, म्हणजे काय? ते म्हणाले, "ती वळायची तेव्हा आधी मान वळायची, मग खांदा, मग ती. आता एकदम वळती. धक्का बसल्यासारखी. तू परत घे. कॅसेट लाव, जशी आहे तशी घे." आणि मी म्हणालो, "हबीबभाई, कॅसेटला बुरशी लागली होती. घेता घेताच पट्टी अडकली, फाटली. टाकून दिली मी." आमच्या भागातल्या कोरड्या ठणठणीत हवेत कॅसेटला बुरशी लागायची म्हणजे ती महिनाभर आमटीत बुडवून ठेवावी लागली असती. इतकं मूर्ख खोटं मी आयुष्यात दुसरं बोललो नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हौ?" म्हणाले. थोड्या वेळाने, "बरं." डीव्हीडी काढून पाकिटात घातली आणि घरी गेले.

त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नाही. एक बदल मात्र झाला, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. हबीबभाईंनी वापरलेली कॅसेट पुन्हा वापरणं बंद केलं. मी फळीवरून एखादी जुनी उचलली की ते म्हणायचे, "कोरी घे ना. कोरी घे." मला वाटायचं म्हातारपणी माणूस उदार झाला. मी थट्टाही करायचो, की हबीबभाई, आता तुम्ही नवाब झालात. ते हसायचे.

मग कॅसेटीच गेल्या. फोटो काढायच्या कॅमेऱ्यांनी व्हिडिओ निघू लागला, मागचं सगळं धूसर आणि नवरी तेवढी स्पष्ट, लोकांना ते सिनेमासारखं वाटायचं. हबीबभाईंनी तो कॅमेरा घेऊन स्टेशन गाठलं, पॅसेंजरसमोर स्थिर धरला आणि मला दाखवलं. सगळे डबे तिरपे. "गाडी पडायला लागली बघ. रेल्वेवाल्यांना फोन कर." मग फोनच आले. गुडघे गेल्यावर त्यांनी लग्नाला येणं सोडलं, घरी टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसून राहायचे. मी महिन्यातून दोनदा जायचो. नवीन काही घेतलं असेल तर म्हणायचे, "हालवून दाखव." गच्चीवर जाणं जमत नव्हतं, म्हणून मग पंख्यासमोर टॉवेल धरायचा, किंवा मीच दारापासून खिडकीपर्यंत चालायचं. माझी चाल बघून म्हणायचे, "तू हालला काय अन् नाय हालला काय, सारखंच." ते जाण्याआधीच्या आठवड्यात मी गेलो होतो. त्या दिवशी सांगायचंच असं घरून ठरवून निघालो होतो. चपला काढतानाही ठरवलेलं होतं. ते म्हणाले, "ये, बस. पोरांनी फोनवर लग्न पाठवलंय, उभंच्या उभं. माणसं उभ्या नळीत घातल्यासारखी... हे कोण बघणार रे?" आम्ही ते बघितलं, शिव्या घातल्या, चहा आला. मी म्हटलं पुढच्या वेळी.

चाळिसाव्या दिवसाचं सगळं झाल्यावर सबिहाने बोलावलं. ती जालन्याला शाळेत शिकवते, सुट्टी काढून घर आवरायला आली होती. खोलीत खुर्ची होती तिथंच होती, टीव्ही तिथंच होता, फक्त खुर्चीवर कुणी दुसरं बसू नये म्हणून असेल, तिने घडी केलेल्या चादरी ठेवल्या होत्या. मला तिने सतरंजीवर बसवलं. पाणी दिलं. मग म्हणाली, "चाचा, एक विचारायचं होतं. अम्मीचं ते असली, साफ करायच्या आधीचं, तुमच्या कम्प्युटरमधे कुठं राहिलंय का? आता म्हणं जुन्या व्हिडिओचं लई चांगलं करून देतात. माझ्या पोरींनी नानीला बघितलंच नाय."

मला वाटलं, आता पुरे. सतरा वर्षं उचलून हात भरून आले होते. मी तिला सगळं सांगितलं, दातांपासून हळदीपर्यंत, बुरशीसकट. तिच्याकडे न बघता सतरंजीच्या दशांकडे बघत सांगितलं. रडलोही. म्हणालो, बेटा, मी त्यांना हे सांगू शकलो नाही, ते गेले आणि राहूनच गेलं.

तिने पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "चाचा, त्या चिकलठाण्याच्या हळदीचं एडिटिंग कुणी केलं होतं?"

मला आठवेना. मग आठवलं. माझी आई आजारी पडली म्हणून मी दहा-बारा दिवस लासूरला होतो. ते काम हबीबभाईंनीच केलं होतं.

"हळद संपली आन् मागं आपली गच्ची आली," सबिहा म्हणाली. "दोन-तीन सेकंद. तारेवरची चादर, बस. अम्मी नव्हती त्यात. अब्बांनी त्याच दिवशी मला घरी येऊन सांगितलं." आमच्या धंद्यात शेंबडं पोरही हे जाणतं, की जुन्या कॅसेटवर नवं काढलं आणि ते थोडं कमी पडलं तर शेपटाला जुनं उरतं. ते शेपूट बघायची मला तसदी घ्यावीशी वाटली नव्हती. मी विचारलं, मग ते मला बोलले का नाहीत? "मी पण हेच म्हणले. म्हणले, अब्बा, चाचाला विचारा तरी. तर म्हणले, नक्को. त्याने साफ करायला केलं. विचारलं तर शरमेनं दुकानात यायचा नाय. कुलसुम तर गेलीच, आता दिलीपला कायकू घालवू?"

दहा फुटांवर खुर्चीत बसून तो माणूस मला नवे फोन हालवून दाखव म्हणत होता, आणि सगळं जाणून होता. मी येताना काय ठरवून यायचो आणि न बोलता काय परत न्यायचो, हेही त्यांना दिसत असणार. निव्वळ हालचाल बघून माणूस ओळखणाऱ्याला ते दिसलं नसेल असं कसं म्हणू. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

सबिहाने टीव्ही लावला. डीव्हीडीवरचं तिने पेनड्राइव्हवर घेतलं होतं. माझं ते स्वच्छ, धुतलेलं चित्र. कुलसुमभाभी बादली घेऊन आल्या, चादर झटकली, तारेवर टाकली, वळल्या. धक्का बसल्यासारख्या. "दर जुम्म्याला अब्बा हे लावायचे," सबिहा म्हणाली. "मी इथं असले की मला शेजारी बसवायचे. बोट दाखवून सांगायचे, आता बघ, आता मान गेली... आता खांदा. मी म्हणायची, अब्बा, मला नाय दिसत, अम्मी तर एकदम वळती. तर म्हणायचे, तुझ्या टीव्हीत नाय बेटा ते. बीच का मेरे कने है, मधलं माझ्याकडं आहे."

पडद्यावर भाभी कबुतरं हाकलत होत्या. हात खाली होता, मग हात वर होता.

सबिहा माझ्याकडे वळली. "चाचा, तुम्ही पण तर होते त्या दिवशी. जिन्यात. तुम्ही तर असली बघितलं. मला तेवढं सांगा ना, अम्मी कशी वळायची. बीचमधलं. मी पोरींना सांगीन."

मी पडद्याकडे पाहिलं. वीस वर्षं ती बाई माझ्या डोळ्यांपुढून चालत गेली होती, व्हीएचएसमधून, हाय-एटमधून, मिनी डीव्हीमधून, प्रत्येक वेळी पन्नासच्या पन्नास टिपणांनिशी, आणि त्या गच्चीवरच्या दिवशी तर वीस-बावीस मिनिटं सलग. मी डोळे मिटून आठवायला लागलो. कोणत्या कॅमेऱ्यात कडा फाटायच्या ते आठवलं. चादरीच्या पांढऱ्यात रंग कुठे उतरायचा ते आठवलं. कॅसेट वाचणाऱ्या कोणत्या हेडवर घाण बसली होती तेही आठवलं.

"नाही आठवत, बेटा," मी म्हणालो. "मी तिला बघत नव्हतो."

सबिहाने रिमोट उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.